हेमकुंडाला जायचंय? मग घांघरियात एक दिवस जास्तीचा काढा

हेमकुंडाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या नांदेडमध्येच. ऑक्टोबर २००८. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी इथं गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं, त्या गुरुता गद्दीला तीनशे वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा होता. गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि आम्हा परिचारिकांच्या पाळ्या औषधोपचाराच्या मंडपात लागल्या होत्या. पाय सुजलेल्या एका पंजाबी आजीला मी क्रेप बँडेज बांधत होते. तिनं सांगितलं, गुरुजींनी देह ठेवला तो तुमच्या गोदावरीच्या काठी, आणि आदल्या जन्मी तप केलं ते हेमकुंडाच्या काठी. एक तुझ्या घरापाशी आहे, दुसरं बघून ये. सात शिखरांच्या मधोमध ते तळं आहे, असं सांगताना तिनं ‘सप्तशृंग’ हाच शब्द वापरला. मला आपली वणीची देवी आठवली.

जायला पुढची दहा वर्षं लागली, आणि गेले तेव्हा पोचले नाही. २०१८ मध्ये आम्ही अर्ध्याच्या वर चढून परत फिरलो. २०२२ मध्ये पुन्हा गेलो आणि पोचलो. माणसं तीच, वाट तीच, वयं मात्र चार वर्षांनी वाढलेली. या दोन खेपांत काय वेगळं केलं ते इथं लिहितेय. ओळखीपाळखीतले पुष्कळ जण विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर सांगताना काही ना काही सुटतंच.

आधी उंचीचा हिशेब

हेमकुंड उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे. बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट नावाचं ठिकाण लागतं, सुमारे १,८३० मीटरवर. तिथून आत जीपनं चार किलोमीटरवर पुलना. पुलनाहून नऊ-दहा किलोमीटर चालत घांघरिया, उंची सुमारे ३,०५० मीटर. शीख यात्रेकरू त्याला गोविंदधाम म्हणतात. घांघरियाहून वर सहा किलोमीटरवर हेमकुंड, सुमारे ४,६३० मीटर. वर रात्री राहता येत नाही. सकाळी चढायचं, दुपारी उतरायचं.

लोक ‘फक्त सहा किलोमीटर’ एवढंच धरून चालतात. पण या सहा किलोमीटरमध्ये जवळजवळ १,६०० मीटर चढायचं आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर. म्हणजे आख्खी कळसूबाई समुद्रापासून उचलून घांघरियावर ठेवा, जवळपास तेवढा चढ झाला. आणि तोही विरळ हवेत. घांघरियाला श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, हेमकुंडाला तो साठ टक्क्यांच्याही खाली जातो. पायात ताकद असेल तर पाय चढतील. रक्तानं नव्या हवेची सवय करून घ्यायला मात्र वेळ लागतो, आणि ती सवय ताकदीनं येत नाही, मुक्कामानं येते.

२०१८ ला काय झालं

माझा मोठा भाऊ, दादा. अर्धापूरजवळ त्याची केळीची बाग आहे. तीस-तीस किलोचे घड खांद्यावर टाकून दिवसभर बांधापर्यंत खेपा करणारा माणूस. आमच्या घरात सगळ्यात दणकट तोच, म्हणून माझं सगळं लक्ष वहिनीकडं आणि माझ्या गुडघ्यांकडं होतं.

नांदेडहून रेल्वेनं दिल्ली, रात्रीच्या गाडीनं हरिद्वार, पहाटे बस, अंधार पडता पडता गोविंदघाट. दुसऱ्या दिवशी घांघरिया. तिसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंडाकडं. साडेतीनशे-चारशे मीटरवर राहणारी आम्ही माणसं तिसऱ्या सकाळी चार हजारांच्या वर निघालो होतो. शिवाय तो श्रावणातला सोमवार होता. दादानं ठरवलं होतं की माथा टेकल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तो सगळ्यांच्या पुढं, त्याच्या शेतातल्या चालीनं.

अटलाकोटीच्या पट्ट्यात, जिथं वरून बर्फाची हिमनदी वाटेवर उतरलेली असते, तिथं तो दगडावर बसलेला दिसला. ओकून झालं होतं. मी विचारलं, डोकं दुखतंय का? तर म्हणाला, “बाई, रातीपासूनच ठणकायलंय. तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस.”

मी त्याला उभं केलं आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो बाजूला झुकला. तेवढं मला पुरेसं होतं. विरळ हवेमुळं मेंदूवर सूज यायला लागली की पहिल्यांदा जातो तो तोल. तिथं औषध शोधत बसायचं नसतं, खाली उतरायचं असतं. कंडीवाल्या, म्हणजे पाठीवरच्या टोपलीतून माणसं वाहणाऱ्या, नेपाळी पोरानं त्याला पाठीवर घेतलं आणि आम्ही उतरलो. घांघरियाला पोचेपर्यंत दादा बोलायला लागला, त्याच दिवशी आम्ही त्याला आणखी खाली गोविंदघाटाला नेलं आणि दुसऱ्या सकाळी त्यानं दोन परोठे खाल्ले. उंचीच्या आजाराचं हेच आहे, वेळेवर खाली आणलं तर माणूस तासांत सुधारतो, आणि रेटून वर नेलं तर जीव जातो.

सत्तावीस वर्षं रुग्णसेवा करून मी सख्ख्या भावाला रात्री एकदा विचारलं नाही की झोप लागली का, डोकं कसंय. हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. म्हणून पहिली सूचना हीच: रोज रात्री आणि रोज सकाळी सोबतच्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. डोकं? मळमळ? झोप? लघवी नीट होते का? ‘सगळे ठीक ना?’ असं मोघम विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात.

दिवसांची मांडणी

२०२२ ला आम्ही सप्टेंबरच्या मध्यात गेलो. या वेळी पूर्ण सहलीला दोन दिवस जास्त दिले, आणि सगळी करामत त्या दोन दिवसांची.

नांदेडकरांना आणि मराठवाड्यातल्या लोकांना दिल्लीपर्यंत सचखंड एक्सप्रेस सोयीची. वाटेतल्या स्टेशनांवर या गाडीच्या प्रवाशांना लंगरचं जेवण वाढतात, तेव्हा ताट-वाटी बॅगेच्या तळाशी न टाकता हाताशी ठेवा. घरून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती हरिद्वारपर्यंत पुरली.

हरिद्वार किंवा ऋषीकेशहून पहाटेच निघायचं. डोंगरातल्या रस्त्यावर रात्रीची वाहतूक बंद ठेवतात, त्यामुळं उशिरा निघालात तर मध्येच कुठं तरी अडकाल. ऋषीकेश ते गोविंदघाट पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पावसाळ्यात त्याला दहा-बारा तास सहज लागतात. खिडकी अलकनंदेच्या बाजूची मिळाली तर देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि जोशीमठापुढचा विष्णुप्रयाग असे पाचही संगम एकाच रस्त्यावर भेटतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी आदल्या रात्रीच डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी. घाटात ओकून ओकून शरीरातलं पाणी गेलं तर पुढं उंचीवर त्याचा त्रास दुप्पट होतो.

त्या दिवशी गोविंदघाटापर्यंत ओढू नका. जोशीमठात, ज्याला आता अधिकृतपणे ज्योतिर्मठ म्हणतात, किंवा त्याच्या अलीकडं पीपलकोटीला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदघाट, तिथून जीपनं पुलना आणि चालत घांघरिया. यात्रेची सरकारी नोंदणी निघायच्या आधीच ऑनलाइन करून घ्यायची. चारधामसारखीच हेमकुंडाचीही करावी लागते. छापील प्रत जवळ असलेली बरी.

पुलना ते घांघरिया ही वाट मला अतिशय आवडते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळे हेमकुंडाच्या घाईत असतात. लक्ष्मणगंगेचा आवाज पूर्ण वेळ सोबतीला, फरसबंदी वाट, ठिकठिकाणी चहा-मॅगीच्या टपऱ्या. भ्यूंडार गावाजवळ दरी रुंदावते. २०१३ च्या महापुरानं इथली जुनी वाट, पूल आणि घरंदारं वाहून नेली. नदीच्या पात्रात अजून खोलीएवढाले धोंडे दिसतात. भ्यूंडारनंतरचे शेवटचे तीन-चार किलोमीटर खडे चढाचे. सकाळी आठच्या आत पुलना सोडलंत तर दुपारी दोन-तीनपर्यंत आरामात पोचता.

गोविंदघाटाहून घांघरियाला हेलिकॉप्टरही जातं. गुडघे साथ देत नसतील तर जरूर जा, पण मग काही मिनिटांत बाराशे मीटर वर येता हे ध्यानात ठेवा आणि घांघरियात दोन रात्री काढल्याशिवाय वर जाऊ नका.

घांघरियात गुरुद्वारात राहायची-जेवायची सोय आहे, घोंगड्या देतात, कुणाला जातधर्म विचारत नाहीत. लहान हॉटेलं आणि सरकारी विश्रामगृहही आहे. मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून पैसे रोख घेऊन जा. गरम पाण्याची बादली विकत मिळते. त्या दिवशी अंघोळ नाही केली तरी चालतं, पाय मात्र गरम पाण्यात बुडवा.

मधला दिवस फुलांच्या दरीला

आता मुख्य मुद्दा. घांघरियाच्या पुढं थोडं चाललं की वाट फुटते. उजवीकडची हेमकुंडाला, डावीकडची फुलांच्या दरीला. बहुतेक लोक पहिल्या दिवशी हेमकुंड ‘उरकतात’ आणि दुसऱ्या दिवशी दरीत जातात, कारण हेमकुंड अवघड आणि अवघड ते आधी. मला हे उलटं वाटतं. आधी दरी, मग हेमकुंड.

दरी साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे. दिवसभर तिथं हळूहळू हिंडायचं आणि रात्री ३,०५० वर परत येऊन झोपायचं. दिवसा थोडं वर जाऊन रात्री खाली निजणं, शरीराला उंचीची ओळख करून द्यायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. शिवाय घांघरियात त्यानं दुसरी रात्र मिळते. पहिल्या रात्री दादाची झोप दोनदा मोडली होती, मलाही दचकून जाग आली. दुसऱ्या रात्री दोघं गाढ झोपलो. हेमकुंडाला निघायचं ते अशा झोपेनंतर.

दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर खुली असते. चौकीवर तिकीट काढून आत सोडतात, खेचरांना बंदी आहे, मुक्काम करता येत नाही. २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. फुलांचा खरा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर. आम्ही सप्टेंबरात गेलो तेव्हा बरीचशी फुलं बियांवर आली होती. पण आपण गौरीला वाहतो तो तेरडा, त्याचाच हिमालयातला भाऊबंद, तिथं माणसाच्या डोक्याएवढा उंच वाढलेला बघितला. वहिनी त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. फुलं हवी असतील तर ऑगस्ट आणि पाऊस सोसायची तयारी, डोंगर उघडे दिसायला हवे असतील तर सप्टेंबर. मी सप्टेंबर निवडेन. जूनमध्ये वरच्या वाटेवर बर्फ असतो. दर वर्षी लष्कराचे जवान तो कापून रस्ता मोकळा करतात. पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्कर माणसानं जून टाळावा. यात्रा साधारण मेअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारास संपते.

औषधाच्या पिशवीबद्दल

इथं माझ्या कामातलं थोडं सांगते. करोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय, ते न्या, पण त्याच्या आकड्यांनी घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. घांघरियात दादाचा आकडा ९० होता, माझा ९१. हेमकुंडाला माझा ७९ आला आणि मी चांगली होते. नांदेडला हा आकडा बघून मी रुग्णाला धावत आत नेलं असतं. उंचीवर तो कमी येणारच. बोट गार असेल तर आकडा चुकीचाही येतो, आधी हात चोळून गरम करा. खरी परीक्षा माणसाची: बसल्या जागी धाप लागते का, खोकल्यात फेस येतो का, बोलणं असंबद्ध होतं का, सरळ रेषेत चालता येतं का. यातलं एकही दिसलं की त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. नुसतं डोकं दुखत असेल आणि थोडी मळमळ असेल तर तिथंच थांबा, वर जाऊ नका. थांबूनही वाढत असेल तर उतरा.

ॲसिटाझोलामाइडची गोळी, जिला सगळे डायमॉक्स म्हणतात, ती शरीराला सवय व्हायला मदत करते. पण ती ओळखीच्या ट्रेकरनं दिली म्हणून घेऊ नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती चालत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून, घरी असतानाच एकदा घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य, श्वास मंदावतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या चुकवू नका. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा दमा असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय निघूच नका.

आणि उपवास नको. हे मी हात जोडून सांगते. उंचीवर भूक मरते, त्यात उपवास धरला की शरीराकडं काहीच उरत नाही. देव खाऊन आलेल्यालाही भेटतो.

चढाचा दिवस

पहाटे पाचला निघा. चार वाजता उठून पोटभर नाही पण काहीतरी गरम खा. आम्ही परोठा आणि चहा घेतला. प्रत्येकाकडं दीड-दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत जलसंजीवनी. खिशात गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याची चिक्की. दर अर्ध्या तासानं दोन घोट, तहान असो-नसो.

कपडे सुती नकोत. घामानं भिजलेला सुती बनियन वर गेल्यावर अंगावर बर्फासारखा बसतो. आत घाम लवकर वाळणारा टीशर्ट, त्यावर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर पाऊस-वारा अडवणारं. कानटोपी, हातमोजे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या मोज्यांचा एक जोड. तो जोड वर उपयोगी पडतो, कारण गुरुद्वारात बूट काढून गार ओल्या फरशीवर चालायचं असतं. बूट नवे घेऊन जाऊ नका. महिनाभर घालून पायाला बसलेले हवेत. काठी दोन्ही हातांत असेल तर उत्तम, एक तरी हवीच.

चाल कशी ठेवायची, हे मला डोंगरातल्या कुणी शिकवलं नाही. लहानपणी आजीबरोबर दिंडीत दोन मुक्काम चालले होते. ती म्हणायची, पाय टाळाच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. तेच इथं केलं. एका पावलाला ‘ज्ञानोबा’, एका पावलाला ‘तुकाराम’, नाकानं श्वास घेत मनातल्या मनात. म्हणता म्हणता धाप लागली तर चाल जास्त झाली. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हे माप पक्कं धरा. दादाला मी या वेळी माझ्या मागं ठेवलं आणि सांगितलं, मला ओलांडायचं नाही. त्यानं ओलांडलं नाही.

थांबायचं ते थोडं आणि वारंवार. दहा-पंधरा मिनिटांनी उभ्या-उभ्या काठीवर रेलून एक मिनिट. टपरीत अर्धा तास बसलात की अंग गार पडतं आणि उठवत नाही.

खेचरं येताना दिसली की नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीही नाही. ओझ्याचं नुसतं टोक लागलं तरी माणूस तोल गमावतो. पावसात दगडावरची लीद साबणासारखी निसरडी होते. कुणाला चालणं झेपत नसेल तर खेचर किंवा कंडी करण्यात कमीपणा नाही. पण त्यावर बसलेल्यानं जास्त कपडे घालावेत, कारण तो चालत नसतो, गारठतो. आणि उंची त्यालाही तेवढीच लागते.

वरच्या टप्प्यात वाट पुन्हा फुटते: एक हजाराहून जास्त पायऱ्यांची थेट, दुसरी वळणांची. पायऱ्या बघून शेवट जवळ आल्यासारखा वाटतो आणि तिथंच लोक दमतात. वळणांची वाट घ्या.

इथंच ब्रह्मकमळं दिसायला लागतात. आपल्याकडं कुंडीत रात्री फुलणारं पांढरं फूल ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते निवडुंगाच्या कुळातलं आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. खरं ब्रह्मकमळ हे उत्तराखंडचं राज्यपुष्प, फिकट पिवळसर हिरवट, पातळ कागदासारख्या पाकळ्यांच्या ओंजळीत जांभळी फुलं दडलेली, आणि वास उग्र. नंदाष्टमीला इथले गावकरी विधीपूर्वक ती देवीसाठी आणतात. आपण तोडू नये. वहिनीनं तिथं एका फुलाला नुसता हात लावून तो कपाळाला लावला.

वर

आम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो, सहा तास लागले. लोक चार तासांत जातात, जाऊ देत.

तळं आधी दिसत नाही. गुरुद्वाराच्या उलट्या कमळासारख्या छपराला वळसा घालून गेलं की एकदम समोर येतं. बर्फ साचून राहू नये, घसरून पडावा, म्हणून ते छप्पर तसं बांधलंय. पाणी हिरवट काळसर आणि इतकं स्थिर की पलीकडच्या कड्यावरचं बर्फ खाली तसंच्या तसं. हिमनदीनं हजारो वर्षं घासून डोंगराच्या कुशीत वाडग्यासारखा खळगा कोरला, हिमनदी मागं हटली आणि खळग्यात पाणी राहिलं. तीन बाजूंनी कडे आणि एका बाजूनं पाणी बाहेर पडायला वाट, असा हा आकार का, ते काठावर उभं राहिलं की आपोआप कळतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याला हिमगंगा म्हणतात. तीच खाली लक्ष्मणगंगा होते, आणि आपण पुलनापासून तिच्याच सोबत आलेलो असतो.

गुरुद्वाराशेजारी लक्ष्मणाचं मंदिर आहे. भ्यूंडारच्या लोकांसाठी हे तळं पूर्वापार लोकपाल. १९३० च्या दशकात संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग शोध घेत इथं पोचले तेव्हापासून शिखांची वर्दळ सुरू झाली. दोन्ही ठिकाणी डोकं टेका.

पाण्यात डुबकी मारायची असेल तर बायकांसाठी आडोशाची वेगळी सोय आहे. एक डुबकी, लगेच बाहेर, कोरडे कपडे, गरम चहा. डोकं दुखत असेल, छातीत धडधडत असेल, हृदयाचा काही त्रास असेल तर डुबकी नको. ओंजळभर पाणी डोक्याला लावा. मी तेच केलं. दादानं डुबकी घेतली. मी आधी त्याला दहा पावलं सरळ चालायला लावलं.

लंगरात खिचडी आणि चहा मिळतो. भूक नसली तरी खा. वाढणाऱ्या म्हाताऱ्या सेवादारानं विचारलं, कुठून आलात? दादा म्हणाला, नांदेड. त्यानं पळी खाली ठेवली, ‘हजूर साहिब?’ म्हणून, म्हणजे आमच्या नांदेडच्या गुरुद्वाराचं नाव घेऊन, दोन्ही हात जोडले आणि आमच्या ताटात पुन्हा वाढलं. दादाचे डोळे भरून आले होते. मी त्याला आईच्या जाण्यानंतर तसं पाहिलं नव्हतं.

वर दीड-दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळू नका. दुपारी दोनपर्यंत सगळ्यांना खाली काढतात, पण त्याची वाट बघू नका. दुपारनंतर ढग चढतात, पाऊस लागतो आणि उतार अवघड होतो. आम्ही एक वाजता निघालो.

उतरताना

निघायच्या आदल्या दिवशी पायांची नखं कापलेली असू द्या, नाहीतर उतरताना बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा. पायऱ्यांवर सरळ न उतरता किंचित तिरकं, काठी आधी खाली टेकून, गुडघा थोडा वाकवून. चाळिशीपुढच्यांनी गुडघ्याचे पट्टे चढताना नाही, उतरताना बांधावेत. कुठं बूट चावतोय असं वाटलं की त्याच क्षणी थांबून टेप लावा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही. रिकाम्या बाटल्या आणि चिक्कीचे कागद सगळे खाली आणा. वरचा कचरा उचलायला कुणाला तरी तोच चढ चढावा लागतो.

पाचच्या सुमारास घांघरियात आलो. त्या रात्री पुन्हा तिथंच मुक्काम. उतरून लगेच पुलना गाठायचा हट्ट करू नका, थकलेल्या पायांनीच माणसं पडतात.

परतीला दोन दिवस हातचे ठेवा. पावसाळ्यात बद्रीनाथचा रस्ता दरडींनी कधी बंद होईल सांगता येत नाही. आमच्या वेळी पीपलकोटीच्या खाली दरड आली आणि एक रात्र गाडीवाल्याच्या ओळखीच्या घरी काढावी लागली. त्या घरामागं केळीची चार झाडं होती. दादानं सकाळी उठून त्यांची वाळलेली पानं काढली, पिलं कुठली ठेवायची आणि कुठली कापायची ते घरधन्याला दाखवलं. दुपारी रस्ता मोकळा झाला. दिल्लीचं तिकीट दोन दिवस पुढचं होतं, गाडी चुकली नाही.